माझा बोल परत दे

सूर्यमाळच्या पाड्यावर कागदावर कोणाचा विश्वास नाही. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यापुढे कागद ठेवले, अंगठे घेतले, आणि पुढे त्या कागदांतून भलतंच काही निघालं. असं तिथं एका पिढीला नाही, दोन पिढ्यांना झालं. म्हणून आमच्या संघटनेनं त्या डोंगरावर काम सुरू केलं तेव्हा पाड्यानं एकच अट घातली होती. आम्ही तोंडानं सांगू, तुम्ही तोंडानंच पुढं न्या. मध्ये कागद आणायचा नाही.

याला तिथं 'बोल ठेवणं' म्हणतात. बैठकीच्या आदल्या दिवशी कार्यकर्ता पाड्यावर जातो, अंगणात बसतो. एकेक घर येऊन आपलं म्हणणं सांगतं. ते त्यानं तिथल्या तिथं जसंच्या तसं म्हणून दाखवायचं. घरानं 'हां' म्हटलं, की बोल त्याच्यापाशी राहिला. दुसऱ्या दिवशी तालुक्याहून आलेल्या साहेबांपुढं तो बोल मांडायचा. आणि कार्यकर्त्यावरचा विश्वास उडाला, तर घर चारचौघांत बोल परत मागतं. तेव्हाही तो तोंडानं म्हणूनच परत करायचा. मग ते घर मोकळं. हवं तर दुसऱ्यापाशी ठेवा.

मी यात पटाईत होते. फुशारकी नाही, पाडाच म्हणायचा. माझे वडील तालुक्याच्या सरकारी ऑफिसात कारकून, घर जामसरला, मी शिकलेली, आणि तरी त्या अंगणात मला जागा होती ती केवळ या एका गोष्टीमुळं. आमची पत्रकं मीच लिहायचे, ती जव्हारच्या बाजारात आणि मोखाड्याच्या स्टँडवर वाटायचो. पण पत्रक बाहेरच्यांसाठी. पाड्यासाठी माझं डोकं होतं. त्यात सगळ्या घरांचे बोल राहायचे, आणि एकही दुसऱ्यात मिसळायचा नाही.

त्याच डोक्यानं मला दगा दिला. पण दगा देणारं ते एकटं नव्हतं, आणि ते सांगायलाच मी हे लिहिते आहे.

सुरुवात डोळ्यापासून झाली. आईनं अंगणात मिरच्या वाळत घातल्या होत्या. डाव्या डोळ्यानं त्या लालभडक दिसायच्या, उजव्यानं धुतलेल्या विटेसारख्या. डोळा फिरवला की आतून ठणका. जव्हारला थेंब मिळाले. काही आठवड्यांत डोळा आपोआप सुधारला आणि मी विसरून गेले. मग एका हिवाळ्यात पाय बधिर झाले. जमिनीवर चालते आहे की घोंगडीवर, कळेना. कमरेपर्यंत मुंग्या. नाशिकला नेलं, मशिनीत घातलं, आणि डॉक्टरांनी फोटो उजेडापुढं धरून मेंदूतले पांढरे ठिपके दाखवले.

"मल्टिपल स्क्लेरोसिस," ते म्हणाले. "विजेच्या तारेवर प्लास्टिक असतं ना, तसं नसांवर आवरण असतं. तुमच्या शरीरातली रोगाशी लढणारी यंत्रणा तेच कुरतडते आहे."

"माझीच?"

"तुमचीच."

मी पत्रकांत 'फितुरी' हा शब्द किती वेळा लिहिला असेल. त्या दिवशी त्याचा अर्थ कळला.

उपचार सुरू झाले. पाय बरेचसे परत आले. दर खेपेला डॉक्टर गुडघ्यावर हातोडी मारायचे, बोट नाकाला लावायला सांगायचे, टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालवायचे. मी चालायचे. "छान!" ते म्हणायचे. एकदा मी धीर करून म्हणाले, "सर, मला शब्द सापडत नाहीत. दोन माणसं एकदम बोलली की काहीच कळत नाही."

"तरुण आहात. ताण घेऊ नका. झोप नीट होते का?"

झालं. डोक्याचा विषय तिथं संपला. हातोडी आहे ती गुडघ्यासाठी.

आता डोक्यात काय होत होतं ते सांगते, कारण हे कोणी सांगत नाही. वेड लागलं नव्हतं. मला सगळं समजत होतं, पण उशिरा. पूर्वी माझ्या डोक्यात चार खिडक्या उघड्या असायच्या, चारही ठिकाणी काम चालायचं. आता एकच उघडी, आणि तिच्यापुढं सगळ्या गावाची रांग. एकाचं काम चालू असताना दुसऱ्यानं मान आत घातली, की पहिल्याचं काय चाललं होतं तेच जायचं. सकाळी बरं असायचं. ऊन चढलं की खिडकीवाला जेवायला जायचा. या आजाराला उष्णता सोसत नाही, हे मला फार नंतर कळलं.

खोडाळ्याच्या बाजारात एकदा मीठ मागितलं. दुकानदारानं एका दमात विचारलं, "जाडं का बारीक, पिशवी आणलीय का, आणि वडील बरे आहेत का?" मी उभी. त्याच्याकडं बघते आहे, तो माझ्याकडं बघतो आहे. मागं माणसं. शेवटी तो म्हणाला, "ताई, मिठासाठी पण बैठक लावायची काय?"

सगळे हसले. मीही हसले. बाहेर आले तेव्हा हातात मीठ नव्हतं.

घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तू लहानपणापासून वेंधळीच. दप्तर शाळेत विसरून यायचीस."

"आई, ते वेगळं. आता दूध गॅसवर ठेवलं की ते ठेवलंय हेच डोक्यातून जातं."

"माझंही जातं."

"तू साठीची आहेस. मी सत्तावीसची आहे."

तिनं पदरानं ओटा पुसला, पुसलेलाच परत पुसला. मग हळूच म्हणाली, "मावशीला मी मणक्याचा त्रास आहे म्हणून सांगितलंय. तेच सांग सगळ्यांना. पाठीचं म्हटलं की माणसं औषधं सुचवतात. डोक्याचं म्हटलं की स्थळ सुचवायचं बंद करतात."

आईवर रागावून काय करणार? तिनं जे केलं ते उघड केलं, माझ्या तोंडावर सांगून केलं. पुढं एकानं केलं ते तसं नव्हतं.

याच आजाराच्या लोकांचा एक ग्रुप मला फोनवर सापडला. तिथं एक बाई लिहीत होती की मी बँकेत होते, चालणं उत्तम आहे, पण आकडे धरता येत नाहीत म्हणून नोकरी सोडली, आणि घरचे म्हणतात नाटक करते. ते वाचून मी जामसरच्या आमच्या ओट्यावर बसून ढसाढसा रडले. म्हणजे हे आजारातलंच होतं. माझ्या आळसातलं नव्हतं. मग मीच नाशिकच्या डॉक्टरांकडं हट्ट धरला आणि त्यांनी तपासणीला पाठवलं. तिथल्या बाईंनी माझ्यापुढं चिन्हं ठेवली. गोल म्हणजे एक, फुली म्हणजे दोन, असं काहीतरी. चिन्ह बघायचं, आकडा सांगायचा, भराभर. मी सगळे बरोबर सांगितले. पण वेळ संपली तेव्हा माझ्या पुढं कितीतरी चिन्हं उरली होती.

बाई म्हणाल्या, "बुद्धी कमी झालेली नाही. वेग कमी झालाय, आणि एका वेळी डोक्यात धरून ठेवायची जागा कमी झालीय. पाय चांगले असले तरी हे होऊ शकतं. एका वेळी एकच काम करा, थंड वेळी करा, आणि लिहून ठेवा. कागद वापरायला लाजू नका."

कागद. सगळं सोडून कागद!

मी सरळ जव्हारला गेले, संघटनेच्या खोलीवर. दादा तिथंच होते. दादा म्हणजे आमचे प्रमुख. मला कॉलेजच्या फाटकावरून त्यांनीच आणलं होतं. माईकपुढं श्वास कुठं घ्यायचा, साहेबांच्या डोळ्यांत कसं बघायचं, पत्रकातलं पहिलं वाक्य कसं असलं पाहिजे, सगळं त्यांनी शिकवलं. आईला न सांगितलेल्या गोष्टी मी त्यांना सांगायचे. म्हणून हेही सांगितलं. खिडकीचं, मिठाचं, चिन्हांचं, सगळं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. चहा मागवला. म्हणाले, "मग काय करायचं म्हणतेस?"

"उन्हाळा आलाय. सूर्यमाळच्या टँकरची बैठक आहे. बोल मीच घेते. पण बैठकीत माझ्या हातात कागद असेल. आणि तो का आहे, हे तुम्ही पाड्याला आधी सांगा. मी सांगितलं तर सबब वाटेल. तुम्ही सांगितलं तर मानतील."

"एवढंच ना?"

"एवढंच."

"सांगतो की. बैठकीच्या सकाळी सगळे एकत्र असतात, तेव्हा नीट समजावून सांगतो. तोवर त्यांच्यासमोर लिहू नको, उगाच बिथरतील." मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वेडे, एवढ्यासाठी रडतेस? मी आहे ना."

मी आहे ना. हे तीन शब्द मी अजून विसरलेले नाही. बघा, जे विसरावं ते राहतं.

आदल्या दिवशी सकाळीच, ऊन चढायच्या आत, मी पाड्यावर पोचले. अंगणात बसले. एकेक घर आलं. एका घरात बाळंतीण होती, दोन हंडे जादा पाहिजे होते. एक म्हणाला टँकर दुपारी येतो तेव्हा बाया लाकडाला गेलेल्या असतात, सकाळी पाठवा. एकीचा म्हातारा आंधळा, टँकर आला की कोणीतरी हाळी द्यावी. एकजण विहिरीच्या मोडक्या पायऱ्यांबद्दल बोलला. तिथल्या तिथं परत म्हणायला काही अडचण नव्हती. ताजं असतं तोवर खिडकीत असतं. पण दोन घरं झाली की मी उठायचे, झोपडीमागं जायचे, आणि ओढणीत लपवलेल्या कागदावर लिहून यायचे. परत दोन घरं, परत मागं.

बायका हसायला लागल्या. "पोरीचं पोट बिघडलं काय ग?"

"जामसरच्या पान्याची सवय तिला, आपलं कुठं पचनार!"

"आपलं हाय कुठं पचायला? इहिरीत गाळ हाय."

शेवटी आजी आली. पाड्यातली सगळ्यांत म्हातारी आणि सगळ्यांत तिखट. संघटना पहिल्यांदा आली तेव्हा कागदाची अट तिनंच घातली होती. तिच्या सासऱ्यानं एका कागदावर अंगठा दिला होता आणि मोहाची झाडं असलेला तुकडा गेला होता. ती समोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "सायबाला सांग. मानसं मोजतोस, मंग पानी देतोस. माझी गाय पन मोज. ती काय शेजारच्या गावातली हाय?"

मी म्हणून दाखवलं. शेजारच्या गावासकट. ती खूश झाली. "हां," म्हणाली. मी झोपडीमागं जाऊन लिहिलं: आजी, गाय.

दुसऱ्या दिवशी बैठक तिथंच होती, विहिरीजवळच्या आंब्याखाली. साहेब येणार होते म्हणून सतरंजी आणली होती. मी पोचले तर दादा आधीच आलेले. मी जवळ जाऊन विचारलं, "सांगितलंत?"

"हो, बोललोय मी," ते म्हणाले, आणि साहेबांच्या गाडीकडं गेले.

ते बोलले होते, यात खोटं नाही. काय बोलले होते, ते मात्र मी विचारलं नाही.

साहेब बसले. ऊन वर आलं होतं. विहिरीच्या काठावर रिकामे हंडे ओळीनं. मी उभी राहिले आणि ओढणीतून कागद काढला.

माझं तोंड उघडायच्या आधीच शांतता झाली. आमच्या बैठकीत अशी शांतता नसते. पोरं रडत असतात, कोणी तंबाखू मळत असतो. ती शांतता वेगळी होती. मला वाटलं, माहीत आहे ना त्यांना, दादांनी सांगितलंय, म्हणून दयेनं गप्प आहेत. मी वाचायला लागले. बाळंतिणीचे हंडे. सकाळचा टँकर. आंधळ्या म्हाताऱ्याची हाळी. पायऱ्या. गाय, शेजारच्या गावासकट. एकही बोल चुकला नाही. इतकं नेटकं मी कधीच मांडलं नसेल. साहेबसुद्धा गाईला हसले आणि लिहून घेऊ लागले.

मी कागद खाली केला. पाड्यातलं कोणीच हसलं नव्हतं.

आजी उठली. "पोरी, ह्यो कागद कोनाचा?"

"माझा आहे, आजी."

"तुला कोनी दिला?"

"मीच लिहिलाय. दादांनी तुम्हाला सांगितलं ना..."

मी दादांकडं बघितलं. दादा विहिरीकडं बघत होते. जणू तिच्यात काहीतरी पडलंय.

"काय सांगलं?" आजी म्हणाली. "आम्हांस कोनी काय नाय सांगलं."

मागून कोणीतरी पुरुष बोलला, "बाप ऑफिसात, पोरगी कागदावर." एक बाई म्हणाली, "काल सारखी झोपडीमागं जात होती, आम्ही बघत होतो." दुसरी काही म्हणाली. तिसरा काही म्हणाला. सगळे एकदम. खिडकीपुढं दंगल. मला कोणाचंच काही कळेना. घाम डोळ्यांत येत होता आणि उजवा डोळा पुन्हा धुरकट झाला होता.

मग आजीनं ते म्हटलं, सगळ्यांच्या वर आवाज चढवून. "माझा बोल माला परत दे."

माझ्या हातात कागद होता. शेवटच्या ओळीवर तिचा बोल होता. खाली नजर टाकली असती तरी मिळाला असता. पण नजर टाकायची नसते. बोल तोंडानं परत करायचा असतो. मी तिच्या डोळ्यांत बघत उभी राहिले, साहेबांच्या डोळ्यांत बघायला शिकवलं होतं तशी, आणि शोधत राहिले. आत काहीतरी होतं. जनावरासारखं, उबदार. पडद्यामागून त्याचा श्वास ऐकू येत होता, पण नाव येत नव्हतं. आत्ताच, इतक्यात, मीच ते मोठ्यानं वाचलं होतं!

"काय होता माझा बोल?"

"पाणी," मी म्हणाले.

एक पोरगा फिस्सकन हसला. "पानी तर समद्यांचाच हाय."

"दे ना," आजी म्हणाली. आता तिचा आवाज रागीट नव्हता. तो वाईट वाटल्यासारखा होता, आणि ते जास्त लागलं.

तेव्हा दादा पुढं आले.

"बोल माझ्यापाशी आहेत," ते म्हणाले. "मी सांगतो."

आणि त्यांनी सांगितले. हात मागं बांधून, कागदाशिवाय. बाळंतीण, सकाळ, हाळी, पायऱ्या. शेवटी आजीकडं वळून, तिच्याच आवाजाची नक्कल करत: "माझी गाय पन मोज. ती काय शेजारच्या गावातली हाय?" लोक हसले. तंबाखू मळायला लागली. पोरं रडायला लागली. बैठक पुन्हा बैठकीसारखी झाली.

मी तिथं उभी राहून एकच विचार करत होते. माझ्या डोक्यात एका वेळी एकच मावतो, आणि हा पुरेसा मोठा होता. मी आत्ता वाचलेलं कोणीही म्हणून दाखवेल, पण घरानं ठेवल्याशिवाय बोल आपल्यापाशी आहे असं कोणी म्हणत नाही; मग यांच्याकडे बोल आले कुठून?

पाड्यातल्या एका पोरीनंच सांगितलं, मी हंड्यांच्या ओळीशेजारी बसले होते तेव्हा. काल तू गेल्यावर दुपारी दादा आले. म्हणाले, तिनं घेतलेत ते असू देत, माझ्याकडे पण ठेवा. का, ते नाही सांगितलं. दोनदा कशाला, म्हणून रात्रभर पाड्यात चर्चा. आणि सकाळी तू कागद काढलास.

म्हणजे त्यांनी मला पाठीवर हात ठेवून शब्द दिला, आणि मी पडणार हे धरून खाली स्वतःसाठी सतरंजी अंथरली. मला सांगितलं नाही. पाड्याला सांगितलं नाही. सांगणं सोडून सगळं केलं.

परत येताना त्यांच्याच जीपमध्ये बसावं लागलं. दुसरी नव्हती. खोडाळ्याला पोचलो. स्टँडवर जीप थांबली, ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला, आणि त्या क्षणी मला आठवलं. गाय. कोणी न मागता, आपणहून, खिडकीत येऊन उभी राहिली. गाय! मी मोठ्यानं म्हणाले असेन, कारण दादांनी मागं वळून बघितलं.

"तुम्ही सांगितलं नाहीत," मी म्हणाले.

"अगं, काय सांगणार होतो?" ते म्हणाले. "आमची कार्यकर्ती विसरते? समोरच्या पार्टीला किती दिवस पुरला असता तो विषय? उद्या तुझं प्रत्येक भाषण... म्हणतील, हिला काय कळतंय."

"आज काय म्हणाले? आज म्हणाले, ही विकली गेली."

"ते जाईल विसरून."

"ते नाही विसरणार. ते कागद विसरत नाहीत. तुम्हाला माहीत आहे."

"पाण्याचं काम झालं की नाही? सकाळी टँकर येणार की नाही?"

"झालं."

"मग? काम मोठं का तू?"

ही ओळ माझीच. माझ्या पत्रकातली. मीच लिहिली होती, दुसऱ्या कोणाला उद्देशून.

मी म्हणाले, "दादा, माझे पाय गेले असते तर तुम्ही मला चाकाच्या खुर्चीत बसवून मंचावर चढवलं असतंत. माझ्या पायांवर भाषण केलं असतंत. फोटो काढले असतेत. पण माझं डोकं अडखळतं, तर तुम्हाला माझी लाज वाटली."

ते सीटवरून पुरते माझ्याकडं वळले. मग अगदी प्रेमानं म्हणाले, "तू पत्रकं लिही. मागं राहून. तुझ्या सोयीनं, घरी बसून. तुझी भाषा आहे गं."

मी खोडाळ्यालाच उतरले आणि मिळेल त्या गाडीनं घरी आले. संघटनेच्या खोलीची किल्ली माझ्याकडं होती, ती दुसऱ्या दिवशी आईच्या हाती पाठवून दिली. आईनं विचारलं नाही. पण परत आल्यावर म्हणाली, "तो माणूस विचारत होता, पाठ कशी आहे." म्हणजे मणक्याची गोष्ट तिनं त्यांनाही सांगितली होती, आणि खरं माहीत असून त्यांनी तीच धरली. माझ्या डोक्याबद्दल तोंड मिटून ठेवण्यात दोघांची युती झाली होती.

मला भाषण परत नको होतं. आंब्याखाली उभं राहण्याची हौस फिटली होती. पण पाड्यावर मी विकली गेले म्हणून नाव राहावं, हे मला सहन होत नव्हतं. घास गिळायला गेले की तेच. बाकी सगळं निसटत होतं, हे मात्र घट्ट बसलं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी एका सकाळी मी एकटी सूर्यमाळला गेले. जीपमध्ये एकच निरोप घोकत, कारण दोन नेले असते तर एक सांडला असता. आजी अंगणात नागलीचं बियाणं पाखडत होती. तिनं मला बघितलं आणि सूप थांबवलं नाही.

"कागद आनलास काय?"

"नाही आणला."

"मंग बस."

मी बसले, आणि घोकलेलं सांगितलं. "आजी, मला मेंदूचा आजार आहे. पाय चालतात, पण डोक्यात बोल राहत नाही. म्हणून कागद होता. मी विकली गेले नव्हते."

सूप थांबलं. तिनं माझ्या कपाळाकडं असं बघितलं, जसं काही तिथं भोक दिसणार आहे.

"येड लागतं त्यात?"

"नाही. उशीर लागतो."

"किती उशीर?"

"त्या दिवशी तुमचा बोल खोडाळ्याच्या स्टँडवर आठवला. गाय."

ती हसली. दात नसलेलं, सगळ्या अंगानं. "गाय खोडाळ्याला पोचली! आन मी हितं वाट बघतं." मग हसू गेलं. "दादाला ठावं होतं?"

"हो."

"पयल्यापासून?"

"बैठकीच्या आधीपासून. तुम्हाला सांगतो म्हणाले होते."

तिनं सूप खाली ठेवलं. "आम्हांस कळलं नसतं काय? आमच्यात म्हातारी इसरत नाय? माझी सासू पोटच्या पोराला वळखत नव्हती, तिला आम्ही टाकली काय?" ती आता माझ्यावर नाही, पण माझ्याकडं बघून चिडली होती. "आम्हांस येडा समजला तो."

मला वाटलं, आता म्हणेल, घे पोरी, माझा बोल परत तुझ्यापाशी ठेव. खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते. इतकं सगळं होऊनही.

ती म्हणाली, "पन बोल त्याच्यापाशीच राहील. टँकर येतो आता येळेवर. तुझ्यापाशी ठेवला तर आमची गाय खोडाळ्यात फिरंल."

बरोबर होतं. ते इतकं बरोबर होतं की मला रागही काढता येईना. दगा देणाऱ्यापाशी बोल राहिले, आणि ज्यांच्याशी दगा झाला त्यांनीच समजून-उमजून ते तिथं ठेवले, कारण विहिरीत पाणी पाहिजे.

"आजी, एवढंच सांगा पाड्यात," मी म्हणाले. "मी विकली गेले नव्हते, एवढंच."

"त्याला काय लागतं?"

ती गुडघ्यांवर हात देऊन उठली, अंगणाच्या कडेला गेली, आणि खालच्या घरांकडं तोंड करून, सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशी ओरडली, "अगो, आयकलंस काय! जामसरची पोर इकली नव्हती! डोसक्यात बिघाड हाय तिच्या! इसरते!"

माझे कान तापले. आईनं ज्याला मणका म्हटलं, दादांनी ज्याला नावच दिलं नाही, ते असं उघड्या माळावर चार आरोळ्यांत संपलं.

खाली कोणीतरी भांडी घासत होती. तिचा हात थांबल्याचं ऐकू आलं. मग खालून उत्तर आलं, तितक्याच मोठ्यानं, आणि जरा वैतागून,

"मंग आदी सांगायचं नाय काय?"